कास्टिंग कॅटलॉगची पाने कोडमधून: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

काम कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या कॅटलॉगचे. पंप केसिंग, इंपेलर, गेट व्हॉल्व्हच्या बॉड्या, बेअरिंग हाउसिंग असे सुमारे तीनशे नग. माहिती ऑफिसच्या एक्सेलमध्ये आहे: पॅटर्न नंबर, मराठी व इंग्रजी नाव, ग्रेड, माप, वजन, फोटोची फाइल, शेरा. त्यातून स्थिर एचटीएमएल पाने काढायची आहेत: एक अनुक्रम, ग्रेडनिहाय याद्या आणि प्रत्येक नगाचे एक पान. हीच पाने होस्टिंगवर चढतील आणि पेन ड्राइव्हवरून उद्यमनगरातल्या मशीनशॉपवाल्यांनाही जातील. म्हणजे सर्व्हर नाही, डेटाबेस नाही. फाइलवर डबल क्लिक केले की पान दिसले पाहिजे.

आताची स्क्रिप्ट स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडत जाते. टीडी (तक्त्यातल्या रकान्याचा टॅग) कुठे उघडला आणि कुठे बंद झाला हे कोड वाचून कळत नाही, पान बिघडल्यावरच कळते. टेम्प्लेटचाही विचार झाला. पान बव्हंशी ठरलेले आणि मध्ये चार रकाने भरायचे असतील तर जिंजासारखे टेम्प्लेट उत्तमच. इथे मात्र प्रत्येक गटाचा तक्ता वेगळा: केसिंगला फ्लँजच्या भोकांचा तक्ता, व्हॉल्व्हला मापागणिक ओळी, इंपेलरला पात्यांची संख्या. टेम्प्लेटमध्ये अटींवर अटी चढत जातील. म्हणून पान ऑब्जेक्टच्या झाडासारखे बांधायचे आणि शेवटी एकदाच मजकुरात उतरवायचे ठरले.

४ नोव्हेंबर

तीन पर्याय तपासले.

पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतले एलिमेंटट्री: काही इन्स्टॉल करावे लागत नाही, आणि लिहिताना मेथड 'एचटीएमएल' दिली तर बीआर, इमेज यांसारखे टॅग नीट सोडते, स्क्रिप्टमधला मजकूरही एस्केप करत नाही (एस्केप म्हणजे <, & अशा खास चिन्हांच्या जागी <, & असे संकेत, म्हणजे एंटिटी, लिहिणे). अडचण त्याच्या मजकुराच्या मांडणीत आहे. टॅगनंतर येणारा मजकूर त्या टॅगच्याच 'टेल'मध्ये बसतो. 'वजन', मग ठळक '६.४', मग 'किलो' असे लिहायचे तर 'किलो' हा ठळक टॅगचा टेल होतो. पुढे तो ठळक टॅग काढून टाकला की 'किलो'ही त्याच्याबरोबर जातो. मजकूर आणि टॅग मिसळून येणाऱ्या पानांना हे सोयीचे नाही.

डॉमिनेट: याच कामासाठी बनलेली पायथन लायब्ररी. 'विथ' ब्लॉकमध्ये टॅग तयार केला की तो बाहेरच्या टॅगला आपोआप जोडला जातो. वाचायला छान, पण जोडणी अप्रत्यक्ष असल्यामुळे एखाद्या फंक्शनने टॅग परत दिला की तो कुठे चिकटला हे बघत बसावे लागते.

तिसरा पर्याय स्वतःचे छोटे मॉड्यूल. फाउंड्रीच्या पीसीवर पायथन ३.११ आहे आणि तिथे काही इन्स्टॉल करायची परवानगी सहज मिळत नाही. ३.१४ मधल्या टेम्प्लेट स्ट्रिंग याच प्रकारच्या कामाला उपयोगी आहेत, पण त्या पीसीवर त्या मिळणार नाहीत. शिवाय या मॉड्यूलचा खरा ऐवज टायपिंग वाचवण्यात नाही. कुठे काय एस्केप करायचे, कोणता टॅग बंद करायचा नाही, कशात काय बसत नाही हे एचटीएमएलचे नियम एका ठिकाणी आणायचे आहेत, आणि ते दीडेकशे ओळींत मावतात. तिसरा पर्याय पक्का.

५ नोव्हेंबर

चार क्लास. 'मजकूर' साधी स्ट्रिंग धरतो आणि उतरवताना एस्केप करतो. 'कच्चा' एस्केप न करता जसेच्या तसे सोडतो. 'गट' म्हणजे स्वतःचा टॅग नसलेला, फक्त आतले घटक सांभाळणारा. 'टॅग'कडे नाव, ॲट्रिब्यूट आणि आतले घटक. चौघांनाही एकच मेथड, 'उतरव'. ती एका लिस्टमध्ये तुकडे टाकत जाते आणि शेवटी 'जॉइन' एकदाच.

ॲट्रिब्यूट आणि आतला मजकूर एकाच कंसात दिला तर पायथनच्या नियमाने कीवर्ड शेवटी येतात. म्हणजे चाळीस ओळींचा तक्ता संपल्यावर खाली त्याचा क्लास दिसतो. त्यावर उपाय जुना आहे: ॲट्रिब्यूट गोल कंसात, आतले घटक चौकोनी कंसात. ट्विस्टेड परिवारातल्या नेव्होच्या स्टॅनमध्ये ही पद्धत होती. आमच्याकडे ते असे दिसते (एफजी २०० ही करड्या बीडाची ग्रेड):

तक्ता(वर्ग="मापे")[
    मथळा["गेट व्हॉल्व्ह बॉडी"],
    शीर्षओळ["माप", "ग्रेड", "वजन, किलो"],
    ओळ["२″", "एफजी २००", अंक("६.४")],
    ओळ["३″", "एफजी २००", अंक("११.२")],
]

चौकोनी कंसासाठी 'गेटआयटम' ही डंडर (नावाला दोन्हीकडे दुहेरी अंडरस्कोअर असलेली) मेथड लिहावी लागते आणि तिथे एक खड्डा आहे. क्लासमध्ये 'इटर' नसेल आणि 'गेटआयटम' असेल तर पायथन जुन्या पद्धतीने त्या ऑब्जेक्टवर लूप चालवू पाहतो: शून्य द्या, एक द्या, दोन द्या, इंडेक्स एरर येईपर्यंत. आमचा 'गेटआयटम' काहीही दिले तरी आनंदाने नवा टॅग परत करतो, एरर कधीच देत नाही. परिणाम: कुणी चुकून टॅगवर लूप लावला की प्रोग्राम अडकतो आणि मेमरी खात राहतो. क्लासमध्ये 'इटर'ला 'नन' देऊन टाकले की लूप लावताच टाइप एरर येतो. एका ओळीचे काम, पण ते नसेल तर कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो.

आतले घटक सपाट करताना क्रम महत्त्वाचा. आधी 'स्ट्रिंग आहे का' हे तपासायचे, मग लिस्ट, टपल, जनरेटर. स्ट्रिंगवरही लूप चालतो आणि एका अक्षराच्या स्ट्रिंगमधून पुन्हा तीच स्ट्रिंग निघते, त्यामुळे उलट क्रमाने तपासले तर रिकर्शन मर्यादेवर आपटते. जनरेटर आला तर लगेच लिस्ट करून ठेवायचा. तसाच ठेवला तर पहिल्यांदा उतरवताना तो रिकामा होतो आणि दुसऱ्यांदा उतरवल्यावर तक्ता ओळींविना येतो.

'नन' (पायथनमधले 'काहीच नाही') आला तर काहीच उतरवायचे नाही. पण शून्य उतरवायचेच. 'व्हॅल्यू असेल तर' अशी ढिली अट लिहिली की शिल्लक ० असलेल्या नगाचा रकाना कोरा दिसतो. 'इज नन' हीच तपासणी.

६ नोव्हेंबर

ॲट्रिब्यूट. 'क्लास' आणि 'फॉर' हे पायथनचे राखीव शब्द, म्हणून आमच्याकडे 'वर्ग' आणि 'साठी'. बाकीच्या नावांत अंडरस्कोअरचा हायफन होतो, त्यामुळे डेटा आणि एरिया या दोन्ही प्रकारची ॲट्रिब्यूट सरळ लिहिता येतात.

ट्रू दिले तर फक्त नाव छापायचे, फॉल्स किंवा नन दिले तर ॲट्रिब्यूटच नाही. कारण एचटीएमएलमध्ये 'डिसेबल्ड'ची व्हॅल्यू 'फॉल्स' लिहिली तरी बटण बंदच राहते. बुलियन ॲट्रिब्यूटचे असणे हेच ट्रू. अपवाद लक्षात ठेवायचे: एरिया-हिडन, ड्रॅगेबल, कंटेंट-एडिटेबल यांना 'ट्रू' आणि 'फॉल्स' हे शब्दच लागतात. तिथे बुलियन दिले तर मॉड्यूल एरर देते आणि स्ट्रिंग मागते.

व्हॅल्यू नेहमी डबल कोटात. ॲट्रिब्यूटच्या नावात स्पेस, कोट, स्लॅश, बरोबरचे किंवा मोठ्याचे चिन्ह आले तर तिथेच थांबवायचे. व्हॅल्यू एस्केप करणारे पुष्कळ असतात, नावाकडे कोणी बघत नाही.

१० नोव्हेंबर

एस्केप. सगळ्यात जास्त गडबड इथेच आहे, आणि फाउंड्रीच्या डेटाइतका चांगला चाचणी-डेटा शोधूनही मिळणार नाही.

पहिले, इंचाचे चिन्ह. फोटोच्या ऑल्टमध्ये (चित्राऐवजी वाचायच्या मजकुरात) '2" गेट व्हॉल्व्ह' असे जसेच्या तसे गेले तर ॲट्रिब्यूट २ वरच संपते आणि 'गेट', 'व्हॉल्व्ह' ही दोन नवी ॲट्रिब्यूट समजली जातात. पान फुटत नाही, चित्रही दिसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. फक्त ऑल्टमध्ये नुसता '2' उरतो. पायथनची आताची एचटीएमएल-एस्केप मूळ सेटिंगमध्ये कोटही एस्केप करते. जुनी सीजीआय मॉड्यूलमधली एस्केप तसे करत नव्हती; ती ३.८ मध्ये काढून टाकली गेली, पण तिची नक्कल करणारी फंक्शन जुन्या स्क्रिप्टांत अजून सापडतात. कॅटलॉगमध्ये दिसायला मात्र खरे इंचाचे चिन्ह ″, म्हणजे यू+२०३३, वापरायचे ठरले. एस्केपची गरज त्याने संपत नाही, कारण एक्सेलमध्ये लोक साधा कोटच टाइप करणार.

दुसरे, लहानाचे चिन्ह. एसजी आयर्नच्या (गोलाकार ग्रॅफाइटच्या बीडाच्या) शेऱ्यात 'गंधक <०.०२%' असते. हे एस्केप न करताही ब्राउझरमध्ये नीट दिसते! कारण लहानाच्या चिन्हानंतर रोमन अक्षर आले तरच पार्सर (ब्राउझरचा एचटीएमएल वाचणारा भाग) त्याला टॅग समजतो. आकडा किंवा देवनागरी अक्षर आले तर ते चिन्ह साधा मजकूर म्हणून सोडून देतो. त्यामुळे 'चालतंय की' असे वाटत राहते. मग एखाद्या शेऱ्यात लांबी व्यासापेक्षा कमी हे रोमन अक्षरांत 'L<D' असे स्पेस न सोडता येते आणि तिथून पुढचा मजकूर, पुढचे मोठ्याचे चिन्ह येईपर्यंत, गायब. चाचणीत आकड्यांचे उदाहरण घेऊन समाधान मानायचे नाही.

तिसरे, ॲम्परसँड. फर्मच्या नावात दोन्ही बाजूंना स्पेस असलेला '&' निरुपद्रवी. पण मजकुरात त्याला चिकटून 'कॉपी' किंवा 'रेग' ही रोमन अक्षरे आली तर शेवटी अर्धविराम नसतानाही पार्सर त्याचे © किंवा ® करतो. लिंकच्या ॲट्रिब्यूटमध्ये पुढे बरोबरचे चिन्ह असेल तर तसे करत नाही. एकच स्ट्रिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागते, म्हणून अंदाज करत बसण्यापेक्षा सगळीकडे एकच नियम: मजकूर असो वा ॲट्रिब्यूट, &, <, >, आणि दोन्ही कोट एस्केप.

चौथे, दुहेरी एस्केप. जुन्या वेबसाइटवरून उतरवून घेतलेल्या शेऱ्यांत आधीच '&' होते. उतरवताना पुन्हा एस्केप झाले की पानावर '&' अक्षरशः दिसते. नियम असा: आत येताना एकदाच अनएस्केप, मेमरीत नेहमी खरा मजकूर, एस्केप फक्त शेवटी उतरवताना. मध्येच कुठल्याही फंक्शनने एस्केप केले तर ते काढून टाकायचे. रिप्लेसच्या साखळीने एस्केप लिहायचे असेल तर & सर्वांत आधी; ते शेवटी ठेवले तर आपणच घातलेले & पुन्हा एस्केप होतात. ट्रान्सलेट वापरले तर एकाच फेरीत होते आणि क्रमाचा प्रश्न राहत नाही.

'कच्चा' क्लास हा एकच दरवाजा. तो वापरल्याची प्रत्येक जागा सर्चमध्ये एका शब्दावर सापडते, आणि तपासणी तेवढ्याच जागांची करावी लागते.

११ नोव्हेंबर

सीएसव्ही. एक्सेलमधून साधा 'सीएसव्ही' सेव्ह केला तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडायचा. त्यात सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) येते आणि ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. 'पॅटर्न' हा रकाना डोळ्यांना दिसतो, कोडला सापडत नाही. वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिले की सुटते. लिहिताना एन्कोडिंग स्पष्ट द्यायचे, नाहीतर विंडोजवर ३.११ मध्ये सिस्टिमचे कोडपेज घेतले जाते आणि पहिल्याच मराठी अक्षरावर 'चारमॅप' एरर येतो.

मापाच्या रकान्यात १/२ टाइप केले की एक्सेल त्याची तारीख करतो. त्या रकान्याचा फॉरमॅट टाइप करण्याआधी 'टेक्स्ट' हवा. नंतर बदलून उपयोग नाही, कारण आत तारखेचा आकडा बसलेला असतो. आयातीत मापाच्या रकान्यात महिन्याचे नाव दिसले की ओळ नाकारायची आणि पॅटर्न नंबर छापायचा.

काही जुनी नावे युनिकोडपूर्व फॉन्टात आहेत, म्हणजे फॉन्ट काढला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. ती यादी ऑफिसकडे परत.

१३ नोव्हेंबर

बंद न होणारे टॅग. सध्याच्या मानकात अशी १३ नावे आहेत: एरिया, बेस, बीआर, कॉल, एम्बेड, एचआर, इमेज, इनपुट, लिंक, मेटा, सोर्स, ट्रॅक आणि डब्ल्यूबीआर. यांच्या आत काही दिले तर मॉड्यूल एरर देते. बाकी सगळे टॅग रिकामे असले तरी पूर्ण बंद करायचे. एक्सएमएलच्या सवयीने रिकाम्या डिव्हच्या शेवटी स्लॅश दिला तर ब्राउझर तो स्लॅश दुर्लक्षित करतो, डिव्ह उघडाच राहतो आणि पुढचे अख्खे पान त्याच्या पोटात जाते. स्क्रिप्ट टॅगबाबत तर पुढचा सगळा मजकूर कोड समजला जातो आणि पान पांढरे फटक.

स्क्रिप्ट आणि स्टाइलमध्ये एस्केप चालत नाही, तिथे एंटिटी उलगडल्या जात नाहीत. टायटल आणि टेक्स्टएरियात एंटिटी उलगडतात, पण टॅग ओळखले जात नाहीत. म्हणून टायटलमध्ये ठळक टॅग दिला तर तो ब्राउझरच्या टॅबवर अक्षरशः दिसतो. 'टॅग' क्लासला त्यामुळे तीन उपप्रकार लागले: साधा, रिकामा, आणि कच्च्या मजकुराचा.

१७ नोव्हेंबर

ऑब्जेक्टचे झाड बरोबर असले म्हणजे ब्राउझरचे झाड तसेच होईल असे नाही. ही गोष्ट ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत जास्त फसवते, कारण कोडमध्ये सगळे व्यवस्थित एकात एक बसलेले दिसते.

शेऱ्याचा परिच्छेद आणि त्यात मुद्द्यांची यादी असे एका पानावर होते. उतरवलेला मजकूर काटेकोर, उघडला तेवढा बंद. पण पी (परिच्छेदाचा) टॅग उघडा असताना यूएल (यादीचा टॅग) दिसला की पार्सर पी आपोआप बंद करतो, आणि शेवटचा बंद-पी एकटा उरल्यामुळे त्याचा एक रिकामा परिच्छेद तयार करतो. परिणाम: यादीखाली विनाकारण मोकळी जागा, आणि परिच्छेदाचा लहान फॉन्ट यादीला लागत नाही. सीएसएसमध्ये शोधून हे सापडणार नाही. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये झाड बघायचे. 'व्ह्यू सोर्स'मध्ये बघून उपयोग नाही, कारण तिथे आपणच लिहिलेला मजकूर दिसतो.

तक्त्यातही तसेच. टेबलच्या आत थेट टीआर दिला तर पार्सर टीबॉडी स्वतःहून घालतो, म्हणून 'टेबलचा थेट मूल टीआर' असा सीएसएस नियम कधीच लागत नाही. आणि टेबलमध्ये पण रकान्याबाहेर मजकूर पडला तर तो उचलून तक्त्याच्या वर टाकला जातो. 'एकूण नग' ही ओळ तक्त्याच्या डोक्यावर दिसू लागली तर समजावे की ती टीडीत नाही.

मॉड्यूलमध्ये चार नियम घातले: पीमध्ये ब्लॉक टॅग नाही, लिंकमध्ये लिंक नाही, टेबलमध्ये फक्त कॅप्शन, कॉलग्रुप, टीहेड, टीबॉडी, टीफूट, आणि टीआरमध्ये फक्त टीएच व टीडी. एचटीएमएलचे सगळे नियम घालण्याच्या फंदात पडायचे नाही. बाकीचे तपासणीत पकडता येतात: उतरवलेले पान एचटीएमएल५लिबने वाचायचे, ती ब्राउझरच्याच नियमांनी झाड बनवते, आणि टॅगांचा क्रम आपल्या झाडाशी ताडायचा. ही लायब्ररी फक्त आमच्या मशीनवर लागते, फाउंड्रीच्या पीसीवर नाही. स्टँडर्ड लायब्ररीतला एचटीएमएल-पार्सर या कामाचा नाही. तो टॅग जसे येतील तसे सांगतो, दुरुस्ती करत नाही.

१९ नोव्हेंबर

इंडेंटेशन बंद. आउटपुट डोळ्यांना सुबक दिसावे म्हणून प्रत्येक टॅग नव्या ओळीवर टाकला की इनलाइन टॅगांमध्ये मोकळी जागा शिरते. '२' एका स्पॅनमध्ये आणि '″' दुसऱ्यात असेल तर पानावर '२ ″' दिसते. प्री टॅगमध्ये तर इंडेंट जसाच्या तसा उमटतो, आणि प्री उघडल्यावर लगेच आलेली पहिली ओळ-समाप्ती मात्र पार्सर खातो. नवी ओळ फक्त टीआर, सेक्शन आणि हेडमधल्या टॅगांनंतर द्यायची. तिथे तिचा त्रास नाही आणि फाइलमधले बदल ओळीनुसार ताडताही येतात.

२१ नोव्हेंबर

आकडे. ऑफिसमधून वजन कधी 12.5 येते, कधी १२.५. गंमत म्हणजे पायथनचा फ्लोट आणि डेसिमल दोन्हीही देवनागरी आकडे बिनतक्रार वाचतात. जावास्क्रिप्टचा नंबर वाचत नाही, 'नॅन' देतो. म्हणून 'अंक' हा घटक दोन गोष्टी करतो: दिसायला देवनागरी, आणि डेटा-वजन ॲट्रिब्यूटमध्ये साधे रोमन आकडे. तक्ता वजनाने लावणारी स्क्रिप्ट फक्त ॲट्रिब्यूट वाचते. वजन फ्लोटमध्ये ठेवायचे नाही, ६.४० चे ६.४ होते आणि बेरीज केली की शेपूट फुटते. डेसिमल.

'ऱ' दोन प्रकारे येतो: एकच अक्षर यू+०९३१, किंवा र आणि नुक्ता वेगळे. दिसायला सारखेच, तुलना केली तर वेगळे. आयातीत एनएफसी (अक्षरांचे युनिकोडमधले ठरलेले एकत्रित रूप) केले की दोन्हींचे एकच होते. काही कीबोर्ड 'ऱ्य'साठी र, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर घालतात. ते एनएफसीने बदलत नाही, त्याचे वेगळे रूपांतर करावे लागते. एस्केप फंक्शनने यातल्या कशालाही हात लावायचा नाही. देवनागरीला एंटिटीत बदलण्याचे कारण नाही. मेटा चारसेट हेडमध्ये सर्वांत वर ठेवायचा (मानकाप्रमाणे पहिल्या १०२४ बाइटांत), एचटीएमएल टॅगला भाषा 'एमआर', आणि पहिली ओळ डॉकटाइप. डॉकटाइप राहिला तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये (फार जुन्या पानांसाठीच्या पद्धतीत) जातो.

अनुक्रम लावताना पायथनच्या साध्या सॉर्टने 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो, कारण युनिकोडमधली जागा तीच. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर. सॉर्टच्या की-मध्ये 'ळ'च्या जागी 'ह'च्या पुढचे चिन्ह ठेवले. फरक थोड्याच नावांत पडतो, पण 'नळी' आणि 'नवा' उलटे लागले की ऑफिसमधल्या मंडळींच्या लगेच नजरेत येते.

२४ नोव्हेंबर

घटक-फंक्शन. पायथन ३ मध्ये देवनागरी नावे चालतात, मात्रा-हलंतासकट. तक्ता, ओळ, मथळा, नगपान, ग्रेडपट्टी अशी नावे ठेवल्याने ऑफिसमधला माणूसही कोड पाहून कुठला भाग कुठे आहे ते ओळखतो. एकच अट: नावात झीरो विड्थ जॉइनर आला तर पायथन 'न दिसणारे चिन्ह' म्हणून सिंटॅक्स एरर देतो, आणि ते डोळ्यांना दिसतच नाही. नावांत 'ऱ्य' टाळायचा, किंवा कीबोर्डवर खरा ऱ वापरायचा.

टॅग बदलता येणार नाही असाच ठेवला. चौकोनी कंस नेहमी नवी प्रत देतो. तीच शीर्षओळ दोन तक्त्यांत वापरायची आणि एकीला क्लास जोडायचा, तर दुसरीला तो चिकटत नाही. डीओएममध्ये (ब्राउझरने बनवलेल्या पानाच्या झाडात) एकच नोड दोन ठिकाणी जोडला तर तो पहिल्या जागेवरून उचलला जातो. इथे पेरेंटचा दुवाच नसल्यामुळे तो प्रश्न येत नाही. त्याची किंमत अशी की खालून वर चालत जाता येत नाही. कॅटलॉगला ती गरज पडलेली नाही.

इनहेरिटन्स टाळला. 'व्हॉल्व्हतक्ता' हा 'तक्ता'चा सबक्लास करण्यापेक्षा तक्ता परत देणारे साधे फंक्शन पुरते. सबक्लास फक्त एचटीएमएलचे नियम बदलतात तिथे, म्हणजे तेरा तारखेच्या तीन उपप्रकारांपुरते.

२६ नोव्हेंबर

फाइलनावे आणि लिंक. ग्रेड 'एसजी ५००/७' (५०० ताणशक्ती न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये, ७ टक्के लांबणी). याच नावाने पान काढले की स्लॅशमुळे 'एसजी ५००' नावाचा फोल्डर शोधला जातो आणि फाइल न सापडल्याचा एरर येतो. फाइलनाव वेगळे: रोमन लहान अक्षरे, आकडे, हायफन, बाकी सगळे गाळायचे, आणि दोन नगांचे एकच नाव झाले तर थांबायचे. कनेक्टिंग रॉडच्या गटाला ऑफिस रोमन 'CON' म्हणते. विंडोजमध्ये ते राखीव उपकरणाचे नाव आहे, एक्स्टेन्शन लावले तरी त्रास देऊ शकते. तिथे पूर्ण नाव.

फोटोंच्या एक्स्टेन्शनमध्ये कुठे कॅपिटल, कुठे लहान. विंडोजवर दोन्ही उघडतात, होस्टिंग लिनक्सवर असल्याने तिथे चित्र सापडत नाही. फोल्डरच्या यादीतले नेमके नाव घेऊन लिंक बनवायची, एक्सेलमधले नाही. नावातली स्पेस आणि मराठी अक्षरे आधी पर्सेंट-एन्कोड, मग ॲट्रिब्यूट म्हणून एस्केप. क्रम हाच. आणि लिंकची सुरुवात जावास्क्रिप्ट स्कीमने होत असेल तर नाकारायची. एस्केपने ती अडत नाही.

२८ नोव्हेंबर

शोध. पान पेन ड्राइव्हवरून उघडले तर क्रोम शेजारची जेसन फाइल फेच करू देत नाही, म्हणून यादी पानातच स्क्रिप्ट टॅगमध्ये. तिथे एचटीएमएल एस्केप चालत नाही आणि शेऱ्यात बंद-स्क्रिप्ट टॅग आला तर स्क्रिप्ट तिथेच संपते. जेसन बनवल्यावर त्यातले प्रत्येक लहानाचे चिन्ह \u००३c (प्रत्यक्षात रोमन शून्य व तीनच) असे लिहायचे. जावास्क्रिप्टला अर्थ तोच, पार्सरला टॅग दिसत नाही. 'एन्श्युअर आस्की' बंद ठेवायचे. ते चालू असले तर एका मराठी अक्षराला तीन बाइटांऐवजी सहा लागतात.

१ डिसेंबर

लिहिण्यापूर्वी जुन्या फाइलशी तुलना. मजकूर तोच असेल तर फाइलला हात लावायचा नाही. त्यामुळे एका नगाचे वजन बदलले तर त्याचे पान, त्याच्या ग्रेडची यादी आणि अनुक्रम एवढेच चढवावे लागते. पानावर 'तयार केल्याची वेळ' छापायची नाही, नाहीतर रोज सगळीच पाने नवी होतात. तारीख हवीच असेल तर एक्सेलमधली त्या नगाची.

प्रिंटसाठी टीहेड वेगळा असल्याने ब्राउझर प्रत्येक कागदावर शीर्षओळ पुन्हा छापतो, आणि टीआरला 'पान मध्ये तोडू नको' ही सीएसएस ओळ लावली. मशीनशॉपमध्ये कागदच चालतो, मोबाइल ग्रीसच्या हाताने कोण धरणार.

३ डिसेंबर

सगळी पाने न्यू एचटीएमएल चेकरमधून काढली. तो जावावर चालतो, इंटरनेट लागत नाही. राहिलेल्या तक्रारी तीन प्रकारच्या. एका पानावर एकच आयडी दोनदा: माप एकच पण ग्रेड वेगळी असलेल्या ओळी, आयडीत आता पॅटर्न नंबरही. फोटो नसलेल्या नगाला सोर्स नसलेला इमेज टॅग: 'फोटो' घटक आता फाइल नसेल तर नन परत देतो. आणि हेडिंगची पातळी एच२ वरून थेट एच४: मथळ्याची पातळी घटकाने स्वतः ठरवायची नाही, बोलावणाऱ्याने द्यायची.

बाकी: फ्लँजच्या भोकांच्या तक्त्याला दोन ओळींचे शीर्षक हवे, रोस्पॅन-कोलस्पॅनची बेरीज जुळते का हे टीहेडमध्येच तपासायचे. जुन्या फॉन्टातली नावे ऑफिसकडून यायची आहेत. आयएस २१० च्या (करड्या बीडाच्या भारतीय मानकाच्या) ग्रेडपट्टीत एफजी २६० चा रंग आणि एफजी २०० चा रंग काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये सारखाच येतो, तिथे रंगाबरोबर ग्रेडचे नावही छापायचे.